सुलभाताईंची पहिली रायफल

आधी मेसेज न करता डच माणूस सहसा फोन करत नाही. त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या सकाळी घरूनच मीटिंग चालू असताना आमच्या नेमबाजी क्लबच्या हेन्कचं नाव फोनवर दिसलं, तेव्हाच काहीतरी वाईट घडलंय हे कळलं. "सुलभा गेली," तो म्हणाला. कोविड झाला म्हणून हॉस्पिटलात नेलं तेव्हा ताई फोनवर धापा टाकत मलाच दटावत होत्या, की रडू नकोस, नीट जेव. ते आमचं शेवटचं बोलणं.

सुलभाताई मूळच्या पुण्याच्या. इथल्या एनस्खेडे शहरातल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्यांनी वीसेक वर्षं काढली. मी इथे शिकायला आले तेव्हा "सारखी स्क्रीनला डोळे लावून बसतेस, जरा लांबचं बघायला शीक" असं म्हणत त्यांनीच मला क्लबात ओढून नेलं. कॉलेजात छात्रसेनेत असताना त्यांना नेमबाजीचा नाद लागलेला. पण ताई डावखुऱ्या, आणि क्लबच्या रायफली झाडून सगळ्या उजव्या हाताच्या. इतकी वर्षं त्या उजव्या खांद्याला रायफलीचा दस्ता लावून, मान अवघडून नेम धरत आल्या होत्या, आणि तरीही निम्म्या क्लबला भारी पडत. स्वतःची का घेत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "पुढच्या वर्षी परतच जायचंय गं. कशाला पसारा?" सोफा घेतला नव्हता तोही याच कारणाने. इथे आलेल्या आपल्या माणसांना हा आजार असतोच, पण ताईंचा फारच बळावलेला होता.

या देशात वर्षभर क्लबच्या रायफलीवर हात बसवल्याशिवाय पोलीस स्वतःच्या रायफलीला परवानगी देत नाहीत. माझं वर्ष भरलं तेव्हा मी नेटवर एक कोरी करकरीत, चकचकीत रायफल हेरून ठेवली होती. ताईंनी फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "पहिली रायफल शालूसारखी घ्यायची नसते, रोजच्या साडीसारखी घ्यायची. वापरलेली चालेल, अंगाला बसली पाहिजे." मग दुकानात त्यांनी मला पॉइंट टू-टू बोअरच्या चार-पाच जुन्या रायफली एकेक करून खांद्याला लावायला लावल्या. हात भरून येईपर्यंत धरून ठेव, डोळे मिटून गाल टेकव, उघडल्यावर नेम समोर दिसतो का बघ. दस्ता लांब वाटला की लगेच बाजूला. स्वतः प्रत्येक नळीत डोकावून पाहत होत्या. शेवटी एक ओरखडे पडलेली, दस्ता कमी-जास्त करता येणारी रायफल त्यांनी पसंत केली. "उरलेल्या पैशांच्या गोळ्या घे. नेम गोळ्यांनी सुधारतो, पॉलिशने नाही."

निघता निघता दुकानदाराने आतून आणखी एक आणली. वापरलेली, डाव्या हाताची. गिऱ्हाईकच नाही म्हणून माझ्या रायफलीपेक्षाही स्वस्त. ताईंनी ती सहज डाव्या खांद्याला लावली, गाल टेकवला... आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मान सरळ, खांदे सैल. त्यांना अशी मी कधी पाहिलीच नव्हती.

"घ्या ना, ताई!"

"छे गं. मार्चमध्ये रिटायर होतेय. तिकीटसुद्धा काढलंय."

त्या मार्चमध्ये विमानंच बंद झाली. क्लबही बंद झाला. उन्हाळ्यात तो पुन्हा उघडला, तेव्हा मास्कच्या आडून ताई म्हणाल्या, "घेतेच आता. किती वर्षं पाहुण्यासारखं राहायचं?" दुकानात ती रायफल अजून होती. ताईंनी पोलिसांकडे अर्ज केला. नियमाप्रमाणे घरात भिंतीला पक्कं बसवलेलं पोलादी कपाट लागतं. तेही हेन्ककडून झोपायच्या खोलीत बसवून घेतलं. पण साथीमुळे पोलिसांची तपासणी पुढे पुढे जात राहिली. हिवाळ्यात क्लबला पुन्हा कुलूप लागलं, आणि मग ताईच आजारी पडल्या.

माझ्या खांद्याची, हाताची, खिशाची मापं या बाईने इतक्या मायेने घेतली. स्वतःला मात्र वीस वर्षं दुसऱ्याच्या मापात अवघडून बसवलं. याची मला फार हळहळ वाटते. मान सरळ ठेवून त्यांनी एक तरी गोळी झाडायला हवी होती.

गेल्या आठवड्यात हेन्क आणि मी त्यांचं भाड्याचं घर रिकामं केलं. पुण्याची भाची व्हिडिओ कॉलवर होती, काय ठेवायचं आणि काय द्यायचं ते सांगत होती. पोलादी कपाट दिसल्यावर तिने विचारलं, "मावशीकडे दागिने होते?" मी कपाट उघडून दाखवलं. रायफलीची जागा मोकळी होती. खालच्या फळीवर जुनी सुती साडी फाडून केलेली, कडा दुमडून हाताने शिवलेली फडकी नीट रचून ठेवली होती. रायफल पुसायची फडकी. मी ती एकेक करून उलगडली. एकाही फडक्याला तेलाचा डाग नव्हता.