पुसून लावणे

माझी ताई घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवते. साखरेच्या डब्यावर नुसतं ‘साखर’ लिहून तिचं भागत नाही, ‘ओला चमचा घालू नये’ असंही लिहिलेलं असतं. न्हाणीघरातल्या नळावर ‘डावीकडे फिरवणे, जोर करू नये’. खिडकीच्या कडीवर ‘ही नुसती दिसते, लागत नाही’. अक्षर ठसठशीत, वर आडवी रेघ पट्टीने ओढल्यासारखी.

ही सवय तिला नोकरीत लागली. एका मोठ्या रुग्णालयाच्या कपड्यांच्या कोठारात तिने एकतीस वर्षं काढली. चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेच्या खोलीतले हिरवे अंगरखे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. माणसं तीन पाळ्यांत बदलायची, त्यामुळे एका पाळीचं दुसरीला कळवायचं तर चिठ्ठीशिवाय मार्ग नव्हता. ‘डावी थप्पी फाटकी आहे, देऊ नये.’ ‘ओले आहे, रचू नये.’ ताई निवृत्त झाली, तिच्या चिठ्ठ्या झाल्या नाहीत.

मी तिचा धाकटा भाऊ. मी फारसा बोलत नाही म्हणून लहानपणी तिने मला घुम्या म्हणायला सुरुवात केली. परवा मला सत्तरावं लागलं. अजून घुम्याच आहे.

तिचे यजमान, आमचे दाजी, गाडी चालवायला शिकवायचे. शेजारच्या सीटवर बसून, पायाशी जादाचा ब्रेक घेऊन, त्यांनी अर्ध्या गावाला रस्त्यावर आणलं. सव्वा वर्षापूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातापायांत बरंचसं बळ परत आलं, पण बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं कळतं, तोंडातून शब्द निघत नाही. एकच शब्द तेवढा शाबूत राहिला, ‘चला’. आयुष्यभर शिकाऊ लोकांना दिवसातून शंभरदा म्हटलेला. तहान लागली तरी चला, भाजी अळणी झाली तरी चला, आणि ताईवर चिडले की मोठ्याने चला.

वाचा शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की रोज दोन वेळा सराव हवा आणि एकही दिवस चुकता कामा नये. जे काही परत यायचं ते पहिल्या दोन वर्षांतच येतं. ताई समोर बसून शिकवायला लागली. पण ताईला दम धरवत नाही. तिसऱ्यांदा चुकलं की तिचा आवाज चढायचा.

“अहो, पाणी! पाणी म्हणा! चला नव्हे, पाणी!”

की दाजी तोंड फिरवून भिंतीकडे बघायचे.

मग ताईने वेगळाच उपाय काढला. फोन समोर ठेवून तिने फक्त स्वतःच्या तोंडाचं चित्रण केलं. एक शब्द तीनदा, सावकाश, मग हातात ती वस्तू धरून दाखवायची. पाणी. दार. चप्पल. चष्मा. असे दोनशे चौदा शब्द तिने वर्षभरात जमवले. फोन भरला तेव्हा लांब राहणारी भाची येऊन सगळं एका काळ्या चपट्या हार्ड डिस्कमध्ये हलवून गेली. ती डिस्क टीव्हीला लावली की पडदाभर ताईचे ओठ दिसायचे. टीव्हीतल्या ताईचा आवाज कधीच चढत नसे. दाजी शंभरदा चुकले तरी ती तितक्याच शांतपणे “पा-णी” म्हणायची. वर्षभरात दाजींच्या तोंडी अकरा शब्द आले होते. तुटके, पण आले होते.

गेल्या महिन्यात ताईच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली आणि पाच दिवसांसाठी मी त्यांच्या घरी राहायला गेलो.

निघताना ती दारात उभी राहून म्हणाली, “दहा वाजता आणि पाच वाजता. पाण्यापासून सुरू करायचं. काही अडलं तर शेजारच्या बाईंना पूस. स्वतःचं डोकं चालवू नकोस.”

“नाही चालवणार.”

“चालवतोस तू. गप्प राहून चालवतोस.”

त्याच संध्याकाळी टीव्ही बंद पडला. आधी पडदा निळा झाला, मग काळा, मग वास आला. सराव चुकवायचा नव्हता म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच मी जाऊन नवा आणला. दुकानाचा माणूस भिंतीवर लावून गेला. दहाच्या ठोक्याला दाजी खुर्चीत येऊन बसले. मी डिस्क लावली, तर पडद्यावर अक्षरं आली: ‘हे साधन वाचता येत नाही. वापरण्यासाठी स्वरूपण करणे आवश्यक आहे.’

स्वरूप मला माहीत आहे. निरूपण माहीत आहे. स्वरूपण हे काय प्रकरण, ते कळेना. डिस्क काढून परत लावली. टीव्ही बंद करून चालू केला. डिस्क उलटी धरून हलकेच झटकली, जसं पेन झटकतात तसं. अक्षरं तीच. शेजारच्या बाईंच्या दाराला कुलूप होतं.

शेवटी दाजींचा हात धरून कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा, डोळ्याला भिंग लावून बसलेला. त्याने डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडून पाहिली.

“काका, डिस्क ठणठणीत आहे. टीव्हीचं आणि हिचं जमत नाही, एवढंच. हिची आखणी कॉम्प्युटरची आहे. जुना टीव्ही समजून घेत होता, हा नाही घेत. फॉरमॅट मारा.”

“मारायचं म्हणजे?”

“म्हणजे डिस्क पुसायची आणि टीव्हीला कळेल अशी परत आखायची. टीव्हीच करतो ते. फॅट थर्टी-टू विचारलं तर नको म्हणा, मोठ्या फाइली घेत नाही. एक्सफॅट घ्या.”

मला ती पथ्याची यादी वाटली. फॅट नको, एक्सफॅट चालेल. मी मान डोलावली.

“पण आतलं सगळं जाईल, बरं का. दुसरीकडे कॉपी आहे ना?”

“असेल.”

“असेल नको काका, आहे का ते बघा. नसेल तर ठेवून जा इथे. कॉपी काढून, पुसून, परत भरून परवा संध्याकाळपर्यंत देतो.”

परवा म्हणजे आणखी दोन दिवस. दाजी माझी बाही ओढून “चला” म्हणाले. आम्ही घरी आलो.

ताईला फोन लावला तर तिकडच्या परिचारिकेने उचलला. शस्त्रक्रिया नीट झाली होती, ताई गुंगीत होती. “काही निरोप आहे का?” तिने विचारलं. शस्त्रक्रिया झालेल्या बाईला ‘कॉपी आहे का’ हा निरोप कसा द्यायचा ते मला सुचेना. मी “काही नाही” म्हणून फोन ठेवला.

मग सहज डिस्क उलटी केली, तर पाठीवर चिठ्ठी. ताईचं ठसठशीत अक्षर: ‘पुसून लावणे’.

मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीत बसलोच. दुकानदार जे म्हणत होता तेच ताईने आधी लिहून ठेवलं होतं. नवीन टीव्हीला लावताना पुसावी लागते, हे भाचीने तिला सांगितलं असणार. आणि पुसायला ती स्वतःच सांगते म्हणजे कॉपी तिने कुठेतरी ठेवलेलीच असणार. ताईचं काम कच्चं नसतं.

मी परत डिस्क लावली. ‘स्वरूपण केल्यास या साधनातील सर्व माहिती पुसली जाईल. पुढे जायचे?’ खाली ‘होय’ आणि ‘रद्द करा’.

दाजी खुर्चीतून उठले. पडद्याकडे बोट करून म्हणाले, “चला! चला!”

“हो दाजी, आता सुरूच करतो.”

“चला! चला, चला!” त्यांचा चांगला हात हवेत जोरात हलत होता. गेल्या कित्येक दिवसांत मी त्यांना इतक्या उत्साहात पाहिलं नव्हतं.

मी ‘होय’ दाबलं.

पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरायला लागली. दाजी थोडा वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. दमले असतील, असं मला वाटलं. पट्टी भरायला साडेतीन तास लागले. मग ‘साधन तयार आहे’, आणि त्यानंतर ‘येथे दाखवण्यासारखे काही नाही’.

दोन दिवस मी कॉपी शोधली. ती कशी दिसते तेही मला ठाऊक नव्हतं. कपाटं पाहिली, ताईची शिवणाची पेटी पाहिली. एका खोक्यावर ‘हे रिकामे आहे’ अशी चिठ्ठी होती. उघडून पाहिलं, रिकामंच होतं. दुकानदाराकडे गेलो. त्याने बराच वेळ खटपट करून भिंग डोळ्यावरून काढलं.

“काका, टीव्हीने नुसती आखली नाहीये, कानाकोपरा घासून धुतलाय. यातून आता काही निघायचं नाही.”

दाजी रोज दहा वाजता आणि पाच वाजता त्या काळ्या पडद्यासमोर येऊन बसत होते. एकदा मी बाजूला उभा राहून “पाणी” म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठले आणि मला प्यायला पाणी आणून दिलं.

पाचव्या दिवशी ताई आली. पोटाशी उशी धरून सावकाश बसली. नवा टीव्ही पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

“सराव?”

मी सांगितलं. माझ्या परीने सगळं नीट सांगितलं, फॅट आणि एक्सफॅटसुद्धा. मग तिने हात पुढे केला. मी डिस्क दिली. तिने ती उलटी केली.

“काय लिहिलंय?”

“पुसून लावणे.”

“मग पुसलंस का?”

“पुसली ना. साडेतीन तास लागले.”

“मला! मला पुसलंस का, घुम्या?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या आईच्या तोंडी ‘विचारणे’ हा शब्दच नव्हता, ‘पुसणे’ होता. ‘बाबांना पुसलं का?’, ‘पुसल्याशिवाय हात लावायचा नाही.’ तिच्या तोंडून ताईने तो उचलला आणि कोठारातसुद्धा त्याच शब्दाने कारभार केला. मी मात्र टपाल खात्यात पत्रं लावता लावता तो कधी टाकून दिला, मला आठवत नाही. कॉपी नव्हतीच. भाचीने फोन रिकामा करून दिला होता.

ताईला मोठ्याने ओरडायचं होतं. तिने श्वास घेतला, तोंड उघडलं आणि तिथेच वाकली. टाके ओढले गेले. दाजी धावत आले, तिच्या खांद्यावर हात ठेवून माझ्याकडे बोट करत “चला, चला” म्हणत राहिले. त्या दिवशी ‘होय’ दाबू नका असं ते सांगत होते की काय, हे त्यांना विचारावं असं वाटलं. पण उत्तर काय येणार ते ठरलेलं होतं.

“आता तूच बस फोनपुढे,” जरा वेळाने ताई हळू आवाजात म्हणाली. “मला जोर करवत नाही.”

मी बसलो. माझी कवळी ‘च’ आणि ‘ष’ला शिट्टी वाजवते. चष्म्याला दोनदा वाजली. शब्द दोनदा म्हणून झाला की तिसऱ्यांदा म्हणायची मला लाज वाटायची. दोन दिवसांत चौदा शब्द झाले. दुकानदाराने ते डिस्कमध्ये भरून दिले. टीव्हीवर पडदाभर माझं तोंड आलं तेव्हा दाजींनी क्षणभर पाहिलं आणि रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. ताईला हसू आलं, पण हसतानाही पोट धरावं लागलं.

त्यानंतर तिने मला तिची खुर्ची दाजींच्या खुर्चीसमोर ओढायला लावली. उशी मांडीवर घेऊन, पोटाला टेकवून ती बसली आणि म्हणाली, “पाणी.”

“चला.”

“पा-णी.”

“चला.”

तिसऱ्यांदाही चुकले. तिचे ओठ आवळले गेले, हात उशीवर घट्ट झाला. पण आवाज चढवायची सोय नव्हती. तिने पुन्हा तितक्याच हळू “पा-णी” म्हटलं. दाजी तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं नाही.

अकरापैकी सातच शब्द उरले होते. चार गेले. ते माझ्यामुळे गेले की तसेही जाणार होते, हे वाचा शिकवणाऱ्या बाईंनाही सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, असं होतं कधीकधी. मला ते सांत्वन वाटलं नाही आणि आरोपही वाटला नाही.

परवा ताईचे टाके निघाले. मी अजून तिथेच आहे. ती जा म्हणत नाही, मी निघतो म्हणत नाही. काल सकाळी दहाला ती समोर येऊन बसली आणि उशी बाजूला टाकत म्हणाली, “झालं बाई एकदाचं. आता हिची गरज नाही.”

दाजी उठले. त्यांनी उशी उचलली, झटकली, तिच्या मांडीवर नीट ठेवली आणि वरून हाताने दाबून धरली. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. ते काही बोलले नाहीत, चलासुद्धा नाही. मग खुर्चीत बसले आणि तिच्या ओठांकडे बघू लागले.

ताईने उशी काढली नाही. “पाणी,” ती हळूच म्हणाली.