दुखऱ्या नाकाला ओव्याची धुरी

निजामाच्या अमलात मी इचोड्याच्या बाजारात ज्वारी घेत असे. ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यात, साठवलेली असायची. वरची मोत्यासारखी, तळाची कुबट. ओंजळभर दाणे नाकाशी नेले की मला तळ कळायचा. शाळा मी पाहिली नाही. जे उभं केलं ते या नाकावर. त्याच नाकात मांस वाढलं, वास कमी होऊ लागला, तेव्हा हैदराबादेला जाऊन ते कापून घेतलं.

नाकात कोंबलेली पट्टी काढून निरोप देताना डॉक्टरानं बजावलं : नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, डोकं उंच ठेवून झोपायचं, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याचे थेंब रोज सोडायचे. खपल्या आपोआप पडतील, वास हळूहळू परतेल. "और सेठ, पंधरा दिन गुस्सा बंद."

मी रागासकट सगळं पाळलं असतं. पण घरी बायकोचा मोठा भाऊ येऊन बसला होता. हा तहसील कचेरीत कारकून. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज इकडून तिकडे सरकवले, आणि आता याला वैद्यकी सुचली.

"दाजी, मिठाचं पानी ढोराच्या खुराले लावतेत. मानसाच्या नाकाले ओव्याची धुरी पायजे."

"डॉक्टरानं सांगितलं ते करून राह्यलो मी."

"त्याचं काम कापाचं होतं, झालं. आता काऊन त्याले इचारता?"

राग बंद होता, म्हणून मी गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे होकार, असं कचेरीत शिकवत असावेत. पाचव्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला असताना यानं बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवतात तशी शेगडी माझ्या बाजेखाली सरकवली आणि निखाऱ्यांवर मूठभर ओवा टाकला. धुरानं ठसका लागला, आणि तोंड मिटलेलं असतानाच शिंक आली. रक्तानं धोतर भिजलं.

हा दारात उभा राहून म्हणतो, "खराब रक्त आहे. निंघू द्या."

शेगडी मी अंगणात फेकली आणि त्यालाही तिच्यामागं घालवलं. जाता जाता त्यानं बाजारभर सांगितलं की शेठचं नाक गेलं. ते खोटंही नव्हतं. धुरीनंतर मला जळत्या मिरचीचाही वास येत नव्हता.

पुढच्या बाजाराला पेवाचा तळ खरवडून ज्वारी आणणारे लोक माझ्यापुढं रांगेनं उभे. मी नेहमीसारखी ओंजळ नाकाशी नेली आणि नजर विकणाऱ्यावर ठेवली. ज्याचा माल चांगला तो दाण्यांकडे पाहायचा. लबाड माझ्या नाकाकडे पाहायचा.

"वास येऊन राह्यला का शेठ?" एकानं विचारलं.

"तुह्या तोंडावून येते. घरी ने."

असे दोन महिने मी तोंडं वाचून ज्वारी घेतली. मग उजवी नाकपुडी उघडली. डावी आजही बंद आहे. कारकून मात्र प्रत्येक लग्नात सांगतो, दाजीचं नाक आपल्या धुरीनं उघडलं. लोक मान डोलावतात. मी पंगतीत त्याच्या डावीकडे बसत नाही, उजवीकडेही नाही. सरळ दुसऱ्या पंगतीत बसतो.