तागडी मास्तरांचा तह

१६ जून १९७५, सोमवार, सकाळी साडेसात. आमच्या गावातील वरली व खालली आळी प्रथमच एका कामासाठी शाळेसमोर जमल्या. काम तागडी मास्तरांना गावातून घालवून देण्याचे होते.

मास्तर इतिहास शिकवीत, मी गणित. राज्यांची सत्ता म्हणजे तागडी, हा त्यांचा एकमेव सिद्धान्त. "नेपोलियन वाढला, बाकीचे एक झाले. जर्मनी वाढली, बाकीचे एक झाले. इंग्रज जिंकूनबी हलका झाला; आता रशिया अन् अमेरिका एकमेकांकडं बघून राहिले. लेकरांनो, वाढायला हरकत न्हाई. बाकीचे हायेत, एवढं ध्यानात ठेवा." निजामाचे राज्य त्यांनी नांदताना पाहिले होते व बुडतानाही. त्याविषयी ते एवढेच म्हणत, "शिक्का बदलला. शाळेची कौलं तीच हायेत."

सिद्धान्त त्यांनी वर्गापुरता ठेवला नाही, हा त्यांचा दोष. पंचायत वरल्या आळीने जिंकली की ते खालल्या आळीच्या ओट्यावर बसू लागत. खालली जोरात आली की उठून वर जात. वरल्या आळीच्या कोंडबा पाटलांनी एकदा विचारले, "मास्तर, तुमी नक्की कुणाचे?"

"हलक्या पारड्याचा."

"अन् उद्या आमी हलके झालो मंग?"

"मंग तुमचा. पण तुमी काहून होता हलके?"

पाटील हसले नाहीत.

मागल्या पोळ्याला तोरणाखालून कोणाची बैलजोडी प्रथम जावी, यावरून काठ्या चालल्या. एका पोराचा डोळा गेला. पुढचा पोळा रक्ताशिवाय पार पडावा, एवढेच मास्तरांना हवे होते. ते दोन्हीकडे समजावीत फिरले. दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघाला: या माणसामुळे आपण जिंकत नाही. कोंडबा पाटील आणि खालल्या आळीचे ज्ञानबा एकाच जीपमधून परभणीला गेले व मास्तरांची वसमतला बदली करवून आले.

मी म्हणालो, "वरिष्ठांकडे दाद मागा. यांची एकी चार दिवसांत मोडेल."

"मोडंल म्हणूनच न्हाई मागत. नेपोलियन हरला, तवा युरोप निवांत झाला. इथं कुणीतरी हरायला पायजे ना."

त्या सकाळी मास्तरांचे सामान फाट्यापर्यंत कोणाच्या गाडीतून न्यावे, यावरून एकी तिथेच तुटू लागली. मास्तर ट्रंकेवर बसले. "गाडी शाळेच्या शिपायाची. एक बैल पाटलाचा, एक ज्ञानबाचा. न्हाईतर मी जात न्हाई."

धमकी लागू पडली. पाटलाचा बैल दांडगा, ज्ञानबाचा रोडका. गाडी फाट्यापर्यंत एका अंगाला ओढत गेली.

पुढे पोळ्याला तोरणाखालून प्रथम तीच विजोड जोडी गेली. काठी कोणी उचलली नाही. मास्तर ते पाहायला नव्हते.

त्या सकाळी फाट्यावर एसटी अजून यायची होती. मास्तरांनी जू सोडले आणि बादली भरून आणली. दांडग्याने तोंड पुढे घातले. मास्तरांनी ते हाताने बाजूला सारले, आधी रोडक्याला पाणी पाजले, मग दांडग्याला.