बॉनेटवरचा भंडारा

कुठंही भंडाऱ्याचा वास आला, की मला मलकापुरातलं गाड्यांना फिल्म लावायचं ते दुकान आठवतं. आमच्या घरातली पहिली गाडी मी माझ्या पगारातून घेतली होती, पांढरीशुभ्र. कवठे महांकाळकडं आमच्या रस्त्यावर खडीचे डंपर पळतात. उडालेल्या खड्यांनी रंगाचे टवके जाऊ नयेत म्हणून बॉनेटवर पारदर्शक फिल्म बसवायची होती. बॉनेट धुऊन लख्ख झालं, कारागिरानं फिल्म उचलली आणि इतक्यात वडील पुढं झाले. सारी हयात त्याच रस्त्यानं मेंढरांमागं पायी चाललेला माणूस. कनवटीची पुडी सोडून त्यांनी भंडाऱ्यानं माखलेला अंगठा बॉनेटच्या मधोमध टेकवला. कारागीर वैतागला, "आवं आबा, आता परत धुवावं लागंल!" "धुवायचं न्हाई," वडील ठामपणे म्हणाले, "माज्या लेकीची गाडी हाय. देवाचा भंडारा आत ऱ्हाऊ दे, वरनं तुजा कागद लाव." "खाली कण राहिला तर फुगा धरंल. मग माझी गॅरंटी न्हाई." दोघंही माझ्याकडं बघायला लागले. साबणाच्या पाण्यात हळदीचा वास मिसळला होता. मी म्हणाले, "गॅरंटी नको. लावा तशीच." आता त्या फिल्मवर खड्यांचे बारीक वण उठलेत. परवा गाडी धुणाऱ्या पोरानं बॉनेट घासघासून विचारलं, "ताई, ह्यो पिवळा डाग का निघंना?" मी म्हणाले, "डाग न्हाई रं. त्यालाच जपायला तर वरनं फिल्म लावलीय."