आहेराचा फोल्डर

बोईसरला मी लग्नाचे अल्बम बनवतो. एडवणच्या एका लग्नाचा फोल्डर उघडला, की कॉम्प्युटर हँगच. नवरीला घेऊन फोटो निवडायला आलेले तिचे मामा पाठीमागून विचारत होते, "उघडतो का नाय?" मला त्या डबड्याची शिसारी आली होती. फोल्डर उघडताना तो मूर्ख कॉम्प्युटर प्रत्येक फोटोचं छोटं चित्र काढत बसायचा. मी चित्रं बंद केली. फोल्डर झटकन उघडला, पण दिसले नुसते आकडे. आकडे बघून अल्बम निवडतं का कोणी? शेवटी फोटो थोडे थोडे करून वेगळ्या फोल्डरांत टाकले आणि चित्रं पुन्हा चालू केली.

तेव्हा खरी किळस आली. जिकडे बघावं तिकडे आहेर. पाकीट देणारा प्रत्येक पाहुणा पाकीट पुढे धरून कॅमेऱ्याकडे बघतोय, आणि नवरी कडेला अर्धी कापलेली. एकही आहेर सुटता कामा नये, असं मामांनीच फोटोग्राफरला बजावलं होतं.

"कोन सुटला नाय ना?" मामा खूश होते.

शेजारी बसलेल्या नवरीने शेवटचा फोल्डर संपेपर्यंत पाहिलं. मग हळूच मला विचारलं, "आनि मी कुठं हाय?"