लाईट गेल्यानंतरचं गाणं

माझ्या मोबाईलमध्ये रेगेच्या मैफली इतक्या भरल्यात की नातीने पाठवलेले फोटो त्यात मावत नाहीत. रेगे म्हणजे तिकडे जमैकात जन्मलेलं संगीत. मी ते दुकानातलं ऐकत नाही. मैदानावर, लोकांसमोर गायलेलं आणि त्या लोकांतल्याच कुणीतरी टेप केलेलं तेवढंच गोळा करते, आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांशी त्याची अदलाबदल करते. नात म्हणते, "आजी, एकच गाणं किती वेळा साठवशील?" एकच कुठलं बाई? दर वेळची माणसं वेगळी असतात!

एवढी अक्कल मला आज आहे. नवी नवरी होऊन वरकुट्याला आले तेव्हा तिचा पत्ता नव्हता. बारामतीच्या कॉलेजात थोडे दिवस बाकं झिजवली होती, त्यामुळे संगीत आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. कुणी रेडिओ लावला की मी डोळे मिटून मान हलवायची. सासूबाईंनी एकदा जावेला विचारलंही, "हिची मान अवघडलीय का गं?"

माझं माहेर लासुर्ण्याचं. तिथे आमच्या शेजारी एक तात्या राहायचे. उमेदीची वर्षं त्यांनी बोटीवर भटारखान्यात काढलेली. इतर खलाशी बंदरावर उतरून घड्याळं आणि साड्या घ्यायचे, तात्या मैफलीला जायचे. काखेत छोटा टेपरेकॉर्डर. परत आले ते पत्र्याची पेटी भरून कॅसेटी घेऊन.

लग्नानंतर माहेरपणाला गेले तेव्हा त्यातली एक त्यांनी मला ऐकवली. विहिरीवरचं इंजिन सुरू होताना मधला एखादा ठोका गाळतं ना, तसा तो ताल. आपण पाऊल टाकावं आणि जमीन जरा उशिरा लागावी. मी मान हलवायचं विसरले. गाणं ऐन रंगात आलं आणि एकदम आवाज गेला. वाद्यं बंद, गाणारा बंद.

"लाईट गेली," तात्या म्हणाले. "तिकडं बी जाती."

मग हळूहळू गर्दीने गाणं उचललं. आधी दोघं-चौघं, मग सगळं मैदान. माझ्या अंगावर काटा आला, आणि नेमकं तेव्हाच तात्यांनी खटकन बटण दाबलं.

"पुढं काय झालं? तो गाणारा परत आला का?"

"पुढचं अदलाबदलीत. आमच्यात कॅसेट इकत न्हायीत. माणसांसमोरचं गाणं दे, माणसांसमोरचं घेऊन जा. आन दुकानातली आणू नगं. ती कारखान्याची साखर. मला गुऱ्हाळातला रस पायजे, चिपाडासकट."

चिपाडासकट म्हणाले होते. मी ऐकलं होतं. पण कान आणि डोकं यांची त्या वयात ओळख नव्हती.

वरकुट्याच्या देवळात एकादशीला दुपारी बायकांचं भजन असायचं. पुढारी आमच्या सासूबाई. मी दिराचा टेपरेकॉर्डर पदराखाली लपवून नेला आणि सगळं भजन टेप केलं. घरी येऊन ऐकलं तर काय! खोकले, बांगड्या, रडणारं पोर, "चपला बाहेर काढा गं" अशी सूचना. आता आपल्याकडे कुणाच्या घरी तांदूळ द्यायचे तर न निवडता देतो का? माहेरची अब्रू जाईल. मी शेजारणीचा दोन कॅसेटींचा टेप मागून आणला आणि बसले निवडायला. खोकला आला की बटण दाब, बांगडी वाजली की बटण दाब. शेवटी एक कॅसेट तयार झाली, खडा म्हणून सापडणार नाही अशी.

मी ती घेऊन माहेरी गेले, तात्यांनी ती अंगणात लावली. थोडा वेळ ऐकलं, मग टेपच्या मागे वाकून बघितलं.

"पोरी, माणसं कुठं गेली?"

"कुठली माणसं?"

"भजनाला आल्याली. का देव एकटाच बसला हुता?"

"तात्या, मी घाण काढून टाकली."

"घाण व्हय! मग माझ्या कॅसेटीतलं मैदान बी घाणच की. तुला कशाला पायजे ती?" त्यांनी कॅसेट माझ्या हातात ठेवली. "परत आण. न निवडता."

पुढच्या एकादशीला मी परत टेप लपवून नेला, पण सासूबाईंच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. भजनाच्या मध्येच त्यांनी टाळ थांबवले.

"सूनबाई, पदराखाली काय वळवळतंय?"

"काय न्हाय, आत्याबाई."

"काय न्हाय त्याला लाल दिवा कसा लागतो?"

बायका फिदीफिदी हसल्या. पेटीवाली म्हणाली, "अवो, आपलं गाणं भरतीय ती! जरा सुरात घ्या आता." त्यावर सासूबाई, "मी सुरातच हाय, तुझी पेटीच फाटकी हाय." तिथून दोघींची जुंपली, आणि त्या रागातच सासूबाईंनी पुढचा अभंग असा काही उचलला की देवळाचा पत्रा थरथरला. सगळं कॅसेटमध्ये आलं.

पण मी ती तात्यांना देऊन त्यांची आणते म्हटल्यावर सासूबाई आडव्या आल्या. "माझा आवाज देणार आन त्याच्या बदली काय घेणार? ते मी आधी ऐकणार." झालं. दोघी एसटीने लासुर्ण्याला.

तात्यांनी आमची कॅसेट ऐकली. पेटीच्या भांडणाला ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. "आवो, तुमी तर बोटीवर पायजे हुता," असं सासूबाईंना म्हणाले. त्यांनी नुसता पदर सावरला, पण खूश झाल्या होत्या. मग तात्यांनी त्यांची कॅसेट काढली. पण लावेनात. उगाच पुसतायत, फुंकर मारतायत.

"घरी जाऊन ऐका की."

"हितंच लावा," सासूबाई म्हणाल्या.

कॅसेट लागली, त्यातली लाईट गेली. गर्दीने गाणं उचललं. मी टेपजवळ सरकले. आणि मग, अगदी टेपच्या तोंडाशी, एक रेडा रेकावा तसा आवाज सुरू झाला. ना शब्द धड, ना सूर. मैदान गेलं, जमैका गेलं, नुसता तो आवाज. थांबायचं नावच नाही. आवाज थांबला तो कॅसेट संपली म्हणूनच.

सासूबाईंनी तात्यांकडे निरखून बघितलं. "ह्ये तुमीच न्हवं का?"

तात्यांचे कान लाल झाले.

मी अगदी रडकुंडीला आले होते. "पण तात्या, गाणारा परत आला का नाही?"

"मला काय ठावं?" तात्या म्हणाले. "मी गात हुतो."