बोटीतून आलेलं लोणी

भिलाईच्या मे महिन्यात, कुत्रीसुद्धा नळाखालच्या चिखलात लोळायची तेव्हा, आमचे हे काखेत कांबळं मारून नोकरीवर निघायचे. जवळच्या कोहका गावात आमची मातीची एक खोली होती. सेक्टर सहामधलं कारखान्याचं क्वार्टर फार पुढे मिळालं. कारखाना नुकता उभा राहत होता, पहिली भट्टी पेटायची होती. आजूबाजूची माणसं गिट्टी, सिमेंट नाहीतर लोखंड वाहायला जायची. कांबळं घेऊन जाणारे हे एकटेच. शेजारणी मला विचारायच्या, "अवं, तुह्या नवऱ्याले हिवताप आहे काय?"

हिवताप नव्हता. कारखाना उभारायला आलेल्या रशियन लोकांचं एक वसतिगृह होतं, त्याच्या थंड कोठीत हे कामाला होते. त्या लोकांची थोडी मासळी, मांस आणि लोणी त्यांच्या मुलखातून बोटीनं यायचं. बोटीच्या पोटात म्हणे बर्फासारखी गार खोली असते. माल तिथे गोठलेला राहायचा, विशाखापट्टणमला उतरायचा, मग बर्फाच्या लाद्या रचलेल्या रेल्वेच्या डब्यातून दुर्गला यायचा. डबा उघडायला हे हजर असायचे. थर्मामीटर पेटीत खुपसून आकडा बघितल्याशिवाय सही करायचे नाहीत. समुद्र यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण बोलायचे असे की जणू त्या बोटीवरूनच उतरलेत.

"एवढ्या उन्हातून बोट येते, पण लोण्याले पताच नाही लागत," हे जेवताना सांगायचे. "दगडावानी रायते."

"तुमीच पोहत आणलं असन," मी म्हणायची.

एकदा मला कोठी दाखवायला घेऊन गेले. दार उघडलं तसा आतून पांढरा धूर आला. यांनी एक मासा उचलून फळीवर आपटला, तो लाकडासारखा वाजला. लोण्याची लादी दाखवली, तिच्यावर नखसुद्धा उमटेना. माझे दात वाजायला लागले तसं यांनी कांबळं माझ्या अंगावर टाकलं आणि स्वतः कुडकुडत मला एकेक पेटी दाखवत राहिले. मला त्या पेट्यांपेक्षा यांच्या तोंडाकडेच बघावंसं वाटत होतं. इतका खूश माणूस मी आमच्या गावात पाहिला नव्हता.

आणि एक दिवस हे सकाळीच परत आले. कांबळं विसरून आले होते. दारातच बसले.

"मशीन बंद पडली," म्हणाले. "पुर्जा याले चार दिवस लागतीन. जो बरफ भेटला तो मांस-मासळीलेच पुरते. लोण्याच्या पाच पेट्या बाहेर काढून ठेवल्या. पाघळून रायलं सारं. माह्या सहीचा माल आहे. नोकरी गेली समज."

मी भाकरी थापत होते. मला त्यात काही अवघडच दिसेना. "मंग कढवून टाका ना. लोणी खराब होते, तुपाले काय होते?"

"इतकं कोण कढवन?"

"मी."

हे माझ्याकडे बघतच राहिले. का, ते मला कळलं.

माझ्या माहेरी एक म्हैस होती, आणि चांगली दुधाची होती. पण आमच्या हातचं दूध गावात कोणी घ्यायचं नाही, लोणी तर लांबच. विकायची सोय नाही, म्हणून आई सगळं कढवायची आणि आम्ही भावंडं तूप खायचो. अख्ख्या वस्तीत आमच्याइतकी गुबगुबीत पोरं कोणाची नव्हती. लोक नाक मुरडायचे, आम्ही बोटं चाटायचो. हसू येतं आता सांगताना, पण आईला तेव्हा येत नव्हतं. धम्माची दीक्षा घेतली, लग्न झालं, इथे आले, तेव्हा मला वाटलं, ते सगळं त्या गावात राहिलं. यांना मात्र तसं वाटत नव्हतं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कोण कोण आहे, ते यांना माहीत होतं.

तरी गेलो. कोठीचे बाबू नागपूरकडचेच, वयस्क गृहस्थ. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. महाराजांना, म्हणजे तिथल्या स्वयंपाक्याला, त्यांनी आधीच विचारलं होतं. शंभर माणसांचं जेवण टाकून मी हे करत बसू काय, असं तो म्हणाला होता. बाबूंनी माझ्याकडे पाहिलं, मग पेट्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "करा बाई. पण मागच्या अंगणात करा."

अंगण तर अंगण. कडुलिंबाखाली विटांची चूल मांडली. ठेकेदाराच्या मजुरांची मोठी कढई यांनी घासूनपुसून आणली. लाकडं घालायला हे बसले. वर मे महिना, खाली जाळ, आणि कढईत दुसऱ्या मुलखातल्या गाईंचं लोणी. एवढ्या लोण्याची मलाही आतून धास्तीच होती. आधी पांढरा फेस वर आला, मग तडतड सुरू झाली. पाणी आटलं की ती तडतड मंदावते. तेव्हा तिथून हलायचं नाही, नाहीतर बेरी जळते आणि सगळं वाया जातं. हे एकसारखं विचारत होते, "झालं काय? झालं काय?" शेवटी मी ओरडले, "तुमचा थर्मामीटर खिशातच ठेवा! मले ऐकू द्या!" सहा घाणे काढले. ऊन उतरलं तेव्हा फडक्यातून गाळलेल्या तुपाचे डबे ओळीनं मांडलेले होते. घमघमाट असा सुटला होता की रस्त्यानं जाणारे सायकलवाले उतरून विचारत होते.

कोठीत जाणाऱ्या प्रत्येक डब्यावर एक कार्ड लावायचं असे: जिन्नस कोणता, तारीख काय आणि कोणाच्या हातचा. कार्डाशिवाय डबा आत जात नसे. हे पेन्सिल घेऊन बसले तसे बाबू यांच्याजवळ वाकले.

"नाव महाराजांचं टाक," ते हळूच म्हणाले. "घरवालीचं टाकशील तर आतले लोक हात लावणार नाहीत. तूप पडून राहील आणि सही तुझी आहे. तुझ्या भल्याचं सांगतो."

भल्याचंच सांगत होते, म्हणून तर मला जास्त राग आला. दिवसभर धुरात मी होते, हाताला फोड माझ्या आले होते. पण नोकरी यांची होती. "टाका त्याचंच," मी म्हणाले आणि तोंड चुलीकडे वळवलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याला धुराचं कारण होतंच.

नोकरीचं काय झालं ते आधीच सांगते. ती राहिली, आणि हे तिथूनच निवृत्त झाले. ते तूपही संपलं. स्वयंपाकघरातल्या दोघांनी आठवडाभर कोरडी पोळी खाल्ली, मग त्यांच्याही तोंडाला पाणी सुटलं.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं. स्वयंपाकघर बघणारी रशियन बाई आली. उंच, लालबुंद, मोडकंतोडकं हिंदी बोलणारी. तिनं पावाचा तुकडा तुपात बुडवून खाल्ला आणि डोळे मिटले. "मेरा माँ ऐसा करती," म्हणाली. मग डब्यांकडे बोट दाखवून विचारलं, "कौन बनाया?"

"महाराज," बाबू म्हणाले.

आमचे हे रस्त्यानं रिकामी बैलगाडी आली तरी बाजूला होणारे. साहेबाशी बोलताना यांची मान कधी वर झाली नव्हती. ते उठले, "नहीं जी," म्हणाले आणि उभ्या उभ्याच कार्डावरचं नाव खोडून दुसरं लिहायला लागले. यांनी घाई केली नाही. बाईनं कार्ड घेतलं, पण तिला आपली अक्षरं वाचता येईनात. तिनं कार्ड यांच्याच हातात परत दिलं आणि म्हणाली, "पढो."

लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं, आणि यांनी मला एकदाही नावानं हाक मारलेली नव्हती. आमच्यात तशी रीतच नव्हती. "अवं" म्हटलं की मी ओ द्यायची. त्या अंगणात, बाबूंसमोर, त्या बाईसमोर, दारात येऊन उभ्या राहिलेल्या महाराजासमोर यांनी माझं नाव वाचलं. मग पुन्हा एकदा, मोठ्यानं वाचलं.

मी चुलीपाशी बसले होते, ती "ओ" म्हणून उभी राहिले.